षष्ठांशातली बिभा

नरकचतुर्दशीच्या पहाटे पाचच्या सुमाराला, अंगाला उटणं लावण्याआधी, गच्चीवर जाऊन पूर्वेकडे पाहा. क्षितिजापासून माथ्यापर्यंतच्या वाटेवर तिसऱ्या हिश्श्याहून वर मघा दिसेल. सिंह राशीतल्या विळ्यासारख्या आकृतीची मूठ जिथं येते तिथला हा ठळक तारा. त्याच उंचीवर, पण बराच उजवीकडे, एक एकटा तांबूस तारा आहे, वासुकी तारकासमूहातला अल्फार्ड. या दोघांमध्ये डोळ्यांत भरेल असं काहीच नाही. मघेपासून अल्फार्डकडे मनातल्या मनात एक रेघ ओढायची, तिच्यावर दोन तृतीयांश वाट चालून जायचं आणि रेघेच्या जरा खाली थांबायचं. तिथं बिभा आहे.

दिसणार मात्र नाही. तिची प्रत ८.७. स्वच्छ, काळ्याकुट्ट आकाशात निरोगी डोळ्याला सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे कसेबसे दिसतात. बिभा त्या कसेबसे दिसणाऱ्यांहूनही बारा पट मंद. ५० मिलिमीटरची चांगली द्विनेत्री आणि शहरापासून दूरची जागा असेल तर एक ठिपका सापडतो, शेजारच्या ठिपक्यांसारखाच. नकाशा हातात नसेल तर आपण पाहतोय तो हाच, असं छातीठोक सांगता येणार नाही. फटाक्यांच्या धुरात पुण्या-मुंबईतून तर प्रयत्नही करू नये.

तारा सुमारे ३४० प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे आज आपल्याकडे पोचणारा त्याचा प्रकाश संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत निघाला. सूर्याहून थोडा मोठा, थोडा तापट. त्याच्याभोवती गुरूच्या दीडपट वस्तुमानाचा एक राक्षसी ग्रह अवघ्या दोन दिवस तीन तासांत प्रदक्षिणा घालतो. ताऱ्याचं नाव बिभा आणि ग्रहाचं संतमस. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेनं १७ डिसेंबर २०१९ रोजी ही दोन्ही नावं अधिकृत केली आणि ती भारतातून सुचवली गेली. ‘सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाला भारतीय नाव’ एवढी बातमी त्या वेळी सगळ्यांनी छापली. ताऱ्याचं नाव ज्या बाईवरून आलं, तिच्याबद्दल दोन ओळी. त्या ताऱ्याच्या पूर्वेतिहासाबद्दल काहीच नाही. आणि खरी मौज तर तिथं आहे.

आधी तो कुठल्या तारकासमूहात येतो ते पाहू. नाव षष्ठांश. आपल्या जुन्या नक्षत्रव्यवस्थेत याला जागा नाही, ग्रीकांकडेही नव्हती. हा समूह डान्झिगच्या, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या, योहानेस हेवेलियसनं सतराव्या शतकात बेतला. हेवेलियसचा धंदा बियर गाळण्याचा, आणि नाद आकाशाचा. घरांच्या छपरांवर त्यानं वेधशाळा उभारली होती. २६ सप्टेंबर १६७९ च्या रात्री तिला आग लागली. उपकरणं, हस्तलिखितं, छापील पुस्तकं बरीचशी गेली. जळालेल्या उपकरणांत पितळेचा मोठा षष्ठांश होता, दोन ताऱ्यांमधलं कोनीय अंतर मोजण्याचं यंत्र. त्याच्या आठवणीसाठी हेवेलियसनं सिंह आणि वासुकीमधला मोकळा तुकडा निवडला.

हे यंत्र एकट्याला चालवता येत नसे. एकानं स्थिर भुजेवरून एक तारा धरायचा, दुसऱ्यानं सरकत्या भुजेवरून दुसरा धरायचा, आणि दोघांची नजर एकाच क्षणी जमली की कोन वाचायचा. हेवेलियसच्या १६७३ च्या ग्रंथातल्या एका कोरीव चित्रात यंत्राच्या एका बाजूला तो उभा आहे आणि दुसऱ्या बाजूला एलिझाबेथ, त्याची बायको. लग्न झालं तेव्हा ती सोळा वर्षांची आणि तो बावन्नचा. हे वाचून कपाळाला आठी पडते, पण पुढचंही वाचायला हवं. १६८७ मध्ये तो गेला तेव्हा दीड हजारांहून जास्त ताऱ्यांची यादी हस्तलिखितात पडून होती. ती नीट लावून १६९० मध्ये एलिझाबेथनं छापून घेतली. षष्ठांश हा समूह जगाला ठाऊक झाला तो या छपाईमुळे.

बिभा त्या यादीत असणं शक्य नव्हतं. हेवेलियसचा दुर्बिणीनं स्थानं मोजण्यावर विश्वास नव्हता आणि नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. ज्या नावानं ती पुढं ओळखली गेली, ते कागदावर यायला आणखी दोन शतकं आणि फोटोग्राफीची काच लागली.

नाव म्हणजे क्रमांक: एचडी ८६०८१. एचडी म्हणजे हेन्री ड्रेपर. हा न्यूयॉर्कचा डॉक्टर. १८७२ मध्ये त्यानं अभिजित ताऱ्याच्या वर्णपटाचा फोटो काढला. पंचेचाळिशीतच तो गेला, आणि त्याची बायको मेरी ॲना ड्रेपर हिनं त्याचं काम चालू राहावं म्हणून हार्वर्ड वेधशाळेला पैसा दिला. त्यातून ताऱ्यांच्या वर्णपटांची जी अवाढव्य सूची उभी राहिली, तिचं वर्गीकरण मुख्यतः एकाच व्यक्तीनं केलं, ॲनी जंप कॅनननं. कॅननला जवळजवळ ऐकू येत नसे. काचेची प्लेट चौकटीत लावायची, भिंग डोळ्याशी धरायचं, राखाडी पट्टीवरच्या केसाएवढ्या काळ्या रेघा बघायच्या आणि शेजारी बसलेल्या लेखनिकेला वर्ग सांगायचा. हात बसल्यावर मिनिटाला तीन ताऱ्यांपर्यंत तिची गती जाई. १९१८ ते १९२४ दरम्यान छापलेल्या खंडांत सव्वादोन लाखांवर तारे आहेत. त्यांतला शहाऐंशी हजार एक्याऐंशीवा आपला.

यापुढची ऐंशीएक वर्षं या ताऱ्याकडे वळून पाहायचं कोणाला काही कारण नव्हतं. तसा तो सामान्यच.

कारण निर्माण झालं एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला. ज्या ताऱ्यांत लोखंडासारखी जड मूलद्रव्यं जास्त असतात, त्यांच्याभोवती राक्षसी ग्रह सापडण्याची शक्यताही जास्त, हे तोवर स्पष्ट होत होतं. मग असे श्रीमंत तारे निवडून फक्त तेच तपासावेत, या हिशेबानं अमेरिकेतल्या डेब्रा फिशर आणि सहकाऱ्यांनी ‘एनटूके’ नावाची मोहीम हाती घेतली: पुढचे दोन हजार तारे. एचडी ८६०८१ मध्ये सूर्याच्या पावणेदोन पटींहून अधिक लोखंड आहे. म्हणून तो यादीत आला आणि २००६ मध्ये जॉन जॉन्सन आणि मंडळींनी त्याचा ग्रह जाहीर केला.

ग्रह दिसला, असं मात्र म्हणता येत नाही. तो आजवर कोणीही पाहिलेला नाही. त्याचं अस्तित्व ताऱ्याच्या हालचालीवरून कळतं. थोराड मुलगी आणि चिमुरडी फुगडी खेळतात तेव्हा चिमुरडी गरगरा लांबून फिरते, पण थोरलीचे पायही एका जागी राहत नाहीत. तीही लहानशा वर्तुळात फिरत असते. ताऱ्याचं हे लहानसं फिरणं त्याच्या वर्णपटात उतरतं. तारा आपल्याकडे येत असला की काळ्या रेघा निळ्या बाजूला किंचित सरकतात, दूर जात असला की तांबड्या बाजूला. हे सरकणं इतकं सूक्ष्म असतं की मोजायला शेजारी पट्टी लागते. ती पट्टी आयोडीनच्या वाफेची. हवाईतल्या मौना केआ पर्वतावरच्या केक दुर्बिणीत ताऱ्याचा प्रकाश आयोडीन भरलेल्या काचेच्या नळकांड्यातून जातो आणि ताऱ्याच्या रेघांवर आयोडीनच्या हजारो ठाम रेघांचा छाप बसतो.

आपला गुरू सूर्याला सेकंदाला बारा-साडेबारा मीटरनं हलवतो, सायकलवरच्या दमदार स्वाराच्या वेगानं. संतमस आपल्या ताऱ्याला दोनशे मीटरहून जास्त वेगानं हलवतो. प्रवासी विमानाचा हा वेग. कारण ग्रह फार जवळ आहे, सुमारे ५२ लाख किलोमीटरवर. बुध सूर्यापासून याच्या अकरा पट लांब असतो. संतमसावर उभं राहण्याजोगी जमीन नाही, पण त्याच्या ढगांच्या माथ्यावरून पाहता आलंच, तर आपल्याला सूर्य दिसतो त्याहून किमान तीस पट रुंद तारा आकाश व्यापून असेल. तापमान हजार अंश सेल्सियसच्या पुष्कळ वर. इतक्या जवळच्या ग्रहाची एक बाजू कायम ताऱ्याकडे वळलेली असते, त्यामुळे एकीकडे न संपणारा दिवस, दुसरीकडे न संपणारी रात्र.

ढगांचा उल्लेख केला खरा, पण ते गृहीत धरलेले आहेत. हा ग्रह ताऱ्याच्या बिंबासमोरून जाताना आपल्याला दिसत नाही, त्यामुळे त्याची त्रिज्या कळत नाही आणि वातावरणातून गाळून आलेला प्रकाशही मिळत नाही. वस्तुमानही ‘किमान इतकं’ एवढंच सांगता येतं. ‘संतमस’ हे नाव ढगांनी झाकलेल्या वातावरणावरून, असं अधिकृत टिपणात म्हटलंय. नाव सुचवलं पुण्यातल्या एका शाळेतल्या तेरा वर्षांच्या विद्यार्थ्यानं. आपल्याला न दिसणाऱ्या गोष्टीला न दिसण्याचंच नाव द्यावं हे त्या वयात सुचलं, याचं मला कौतुक वाटतं.

ही नावं ठरली ती संघटनेच्या शताब्दीच्या निमित्तानं. शंभरावर देशांना एकेक तारा आणि त्याचा ग्रह वाटून दिला होता. भारताच्या वाट्याला हा आला. भारतीय खगोलशास्त्र परिषदेकडे देशभरातून सतराशेच्या आसपास प्रस्ताव आले, त्यातून निवडक नावांवर लोकांनी मतं दिली. ताऱ्याचं नाव सुरतेतल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचं. (जाता जाता: वाढदिवसाला ताऱ्याला नाव द्या, प्रमाणपत्र घरपोच, अशा जाहिराती येतात. त्या नावांना खगोलशास्त्रात कवडीची किंमत नाही. पैसे द्विनेत्रीला घाला.)

आता ज्यांच्यावरून ताऱ्याचं नाव आलं त्या बिभा चौधुरी.

जन्म १९१३, कलकत्ता. १९३६ मध्ये कलकत्ता विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्या, त्या वर्गातल्या त्या एकट्याच बाई. मग देवेंद्रमोहन बोस यांच्याकडे संशोधनाला गेल्या. आपल्याकडे स्त्रीला देण्याजोगं काम नाही, असं बोस आधी म्हणाले आणि बिभा हटल्या नाहीत, असं त्यांच्याबद्दल सांगतात. बोस १९३८ मध्ये बोस इन्स्टिट्यूटचे संचालक झाले, आणि दोघांनी मिळून एक काम काढलं: विश्वकिरणांचा माग फोटोच्या काचांवर काढायचा.

ही पद्धत व्हिएन्नाच्या मारिएटा ब्लाऊ यांनी घडवलेली. अवकाशातून येणारा वेगवान कण प्लेटवरच्या रासायनिक थरातून आरपार गेला की त्याच्या वाटेवरचे चांदीचे कण प्लेट धुतल्यावर काळे पडतात. कणाची वाट म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी काळ्या ठिपक्यांची रांग. एखाद्या अणुगर्भावर किरण आदळून तो फुटला तर एका बिंदूतून चहूकडे रांगा निघालेल्या दिसतात. १९३७ मध्ये ब्लाऊ आणि हेर्टा वाम्बाखर यांना या आकृती पहिल्यांदा दिसल्या. भौतिकशास्त्रज्ञ त्यांना ताराच म्हणू लागले.

प्लेट उंचावर ठेवायला हवी, कारण खाली येईपर्यंत वातावरण बरेचसे कण गिळतं. बिभा आणि बोस यांच्या प्लेटा दार्जिलिंगला, संदकफूच्या बारा हजार फुटांवर आणि तिबेटच्या वाटेवरच्या फारी जोंगला महिनोन् महिने पडून राहिल्या. मग खाली आणायच्या, धुवायच्या, आणि सुरू व्हायचं ते डोळे फोडणारं काम. थराची जाडी केसाहूनही कमी असते. सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू फिरवत थर वरपासून खालपर्यंत उतरायचा, कारण रांग तिरपी गेलेली असते आणि एका पातळीवर तिचे दोन-चार ठिपकेच स्पष्ट दिसतात. ठिपक्यांमधलं अंतर मोजायचं: कण मंदावत जाईल तसे ठिपके दाट होतात. रांग कुठं, किती अंशांनी वाकली तेही मोजायचं: हलका कण धक्क्याधक्क्यानं वाकतो, जड कण सरळ जातो. दाटी आणि वाक यांचा मेळ घातला की कणाचं वस्तुमान निघतं. एका रांगेवरून काही सिद्ध होत नाही. अशा पुष्कळ लागतात. आणि प्लेटवर धूळ, ओरखडे, आपोआप काळे पडलेले कण असतातच. त्यांतून रांग ओळखायची.

१९४० ते १९४२ दरम्यान ‘नेचर’मध्ये दोघांची टिपणं आली. त्यांना सापडलेल्या कणाचं वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या दोनशेपटीच्या आसपास निघत होतं. पद्धत बरोबर होती. प्लेटा कमी पडत होत्या. युद्ध चालू होतं, साध्या हाफ-टोन प्लेटांवर भागवावं लागत होतं, आणि अधिक संवेदनशील प्लेटा कलकत्त्याला येणं अशक्य होतं. काम तिथं थांबलं.

युद्धानंतर ब्रिस्टलमध्ये सेसिल पॉवेल यांच्या गटाला सुधारलेल्या प्लेटा मिळाल्या. १९४७ मध्ये त्यांना एक कण थांबून दुसऱ्यात बदलताना दिसला: पहिला पायॉन, दुसरा म्युऑन. तो पहिला माग सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला मारिएटा कुर्ट्झ या प्लेटा तपासणाऱ्या बाईंनी. १९५० चं नोबेल पॉवेल यांना मिळालं. बोस आणि चौधुरी यांच्या कामाची नोंद त्यांनी आपल्या ग्रंथात घेतली आहे.

यावरून बिभांचं नोबेल चोरलं गेलं, असं लिहिण्याची पद्धत पडली आहे. मला ते मान्य नाही. त्यांच्या मोजमापातून पायॉन आणि म्युऑन हे दोन वेगळे कण आहेत हे निष्पन्न होत नव्हतं. त्या प्लेटांवर ते होणारही नव्हतं. पॉवेल यांचा शोध पॉवेल यांच्या गटाचाच. चोरीची कहाणी सांगितली की मोठा अन्याय झाल्याचं समाधान मिळतं, पण प्रत्यक्षात जे झालं ते नजरेआड होतं. ब्रिस्टलच्या पाच-सात वर्षं आधी, तुटपुंज्या साधनांनी, योग्य रस्त्यावर कलकत्त्यातली एक बाई चालत होती. याची किंमत नोबेलच्या मोजपट्टीशिवायही कळायला हवी. ब्लाऊ यांचं नाव नोबेलसाठी एकाहून अधिक वेळा पुढं आलं आणि मिळालं नाही, तिथं तक्रारीला जास्त जागा आहे.

बिभा युद्ध संपल्यावर मँचेस्टरला गेल्या, पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत. विश्वकिरणांमुळे हवेत उमटणाऱ्या कणांच्या विस्तीर्ण सरी हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. ब्लॅकेट यांना १९४८ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा बिभा तिथंच होत्या. ‘मँचेस्टर हेरल्ड’नं भारताची नवी शास्त्रज्ञ म्हणून त्यांची मुलाखत छापली. भौतिकशास्त्राकडे बायका इतक्या कमी वळतात, याची खंत त्यांनी तिथं बोलून दाखवली होती.

तिथून त्या मुंबईला आल्या. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. कुलाब्याच्या टोकाची समुद्राकाठची इमारत तेव्हा नव्हती. संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. १९५७ पर्यंत त्या तिथं होत्या. पुढं अहमदाबादला विक्रम साराभाईंच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेल्या आणि कोलारच्या सोन्याच्या खाणींतल्या प्रयोगांशी जोडल्या गेल्या. डोंगरमाथ्यावर प्लेटा ठेवणारी बाई आता जमिनीखाली खोल, खडकातूनही आरपार जाणारे कण मोजत होती. कणसरींबरोबर येणाऱ्या रेडिओ लहरी अबूच्या पहाडावर टिपाव्यात अशी त्यांची पुढची योजना होती. साराभाई १९७१ च्या शेवटी गेले आणि त्या योजनेला मंजुरी मिळाली नाही. बिभांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, कलकत्त्याला परतल्या आणि तिथल्या संस्थांमधून काम करत राहिल्या. शेवटचा शोधनिबंध १९९० चा. २ जून १९९१ रोजी त्या वारल्या.

देशातल्या मोठ्या विज्ञान अकादमींपैकी एकीनंही त्यांना फेलो केलं नाही. भारतीय विज्ञान अकादमीनं २००८ मध्ये भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांवर ‘लीलावतीज डॉटर्स’ हा जाडजूड संग्रह काढला, त्यातही त्या नाहीत. राजिंदर सिंग आणि सुप्रकाश रॉय यांनी त्यांचं चरित्र लिहिलं २०१८ मध्ये. पुढच्याच वर्षी ताऱ्याला नाव मिळालं. चरित्र आलं नसतं तर ते सुचलं असतं की नाही, शंकाच आहे.

नाव देणाऱ्यांना ताऱ्याची ही वंशावळ ठाऊक असण्याचं कारण नाही. तारा वाटून आला, नाव मतदानानं ठरलं. तरी हिशेब असा लागतो की एलिझाबेथनं छापलेल्या समूहात, मेरी ॲनाच्या पैशानं निघालेल्या सूचीत, ॲनी कॅनननं काचेवर वाचलेला आणि डेब्रा फिशरच्या मोहिमेत तपासलेला तारा बिभांच्या नावानं झाला. यांत मी योगायोग शोधत नाही. खगोलशास्त्रात आणि कणभौतिकीत प्लेटा तपासणं, मोजणं, नोंदी लावणं हे काम पिढ्यान् पिढ्या बायकांकडे दिलं गेलं, कारण ते कंटाळवाणं आणि कमी पगाराचं मानलं जाई. कुठलाही मंद तारा उचला, दोन-तीन बायकांची नावं निघतीलच. आपल्या ताऱ्याची मागोवा घेऊन लिहिली, एवढंच.

अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. बिभा चौधुरींची ‘नेचर’मधली टिपणं छोटी आहेत. गणित जड नाही, इंग्रजी सोपं आहे, आणि पुराव्यावरून न दिसणाऱ्या कणाचं वजन कसं काढतात ते त्यात टप्प्याटप्प्यानं दिसतं. दिवाळीनंतर कॉलेज उघडेल तेव्हा त्यांतलं एक वर्गात वाचून दाखवा. तासभर पुरेल.